जिथे संगम झालाच नाही

"सोनोग्राफी नॉर्मल आली, मग पोट दुखतंय कशानं?" जालन्यात असो की भोकरदनला, हा प्रश्न डॉक्टरांना रोज ऐकावा लागतो. दुसरा प्रश्न जरा कमी वेळा येतो, पण तो घेऊन येणारा माणूस जास्त घाबरलेला असतो : "एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'पँक्रियास डिव्हिजम' लिहिलंय. हे काय असतं? कॅन्सर तर नाही ना?"

पहिल्या प्रश्नात तपासणीवर गरजेपेक्षा जास्त भरवसा आहे, दुसऱ्यात रिपोर्टमधल्या शब्दाची गरजेपेक्षा जास्त धास्ती. स्वादुपिंडाच्या नलिकांची रचना समजली, की दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप हाती लागतात. ती आपण टप्प्याटप्प्यानं पाहू.

1. स्वादुपिंड असतं कुठे आणि करतं काय?

स्वादुपिंड म्हणजे पँक्रियास. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून ते आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण 15 सेंटीमीटर, वजन 100 ग्रॅमच्या आसपास. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं, मधला धड आणि प्लीहेकडे निमुळता होत जाणारा भाग शेपूट. डोक्याला लहान आतड्याच्या पहिल्या भागानं, म्हणजे ड्युओडेनमनं, तीन बाजूंनी वेढलेलं असतं.

त्याची कामं दोन. एक, इन्शुलिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडणं. हे काम मधुमेहामुळे घराघरात माहीत झालं आहे. दुसरं, रोज एक ते दीड लिटर पाचकरस तयार करून आतड्यात पाठवणं. पिठूळ पदार्थ, चरबी आणि प्रथिनं या तिन्हींचं पचन या रसावर अवलंबून असतं. प्रथिनं पचवणारे घटक स्वादुपिंडात असेपर्यंत निष्क्रिय असतात आणि आतड्यात पोचल्यावर जागे होतात. काही कारणानं ते आतच जागे झाले, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. स्वादुपिंडाला सूज येणं म्हणतात ते हेच.

हा रस आतड्यापर्यंत जातो कसा, यासाठी आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. स्वादुपिंडातही असंच घडतं. केसाहून बारीक नलिका एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी सगळा रस एका मुख्य नलिकेत येतो. ही नलिका शेपटाकडून डोक्याकडे रुंदावत जाते. शेपटात सुमारे 1 मिलिमीटर, धडात 2 आणि डोक्यात 3. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. डोक्यात यकृताकडून येणारी पित्तनलिका तिच्या शेजारी येते आणि दोन्ही मिळून आतड्याच्या भिंतीतल्या एका लहानशा उंचवट्यावर उघडतात. त्या तोंडाभोवती स्नायूंचं कडं असतं. ते गरजेप्रमाणे उघडतं आणि मिटतं.

2. हा नकाशा पहिल्यांदा काढला कोणी?

1642 साली इटलीतल्या पादुआ शहरात योहान गेऑर्ग विर्सुंग हा जर्मन शरीररचनातज्ज्ञ फाशी दिलेल्या एका माणसाच्या मृतदेहाचं विच्छेदन करत होता. त्याला स्वादुपिंडाच्या लांबीभर जाणारी एक नलिका दिसली. तिचं काम काय, हे त्याला कळेना. म्हणून त्यानं तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याचे छाप युरोपातल्या नामांकित शरीररचनातज्ज्ञांना पाठवून त्यांचं मत विचारलं. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला, पण मुख्य नलिकेला आजही विर्सुंगची नलिका म्हणतात.

पुढच्या शतकात व्हेनिसच्या सांतोरिनीनं स्वादुपिंडाच्या डोक्यात दुसऱ्या, छोट्या नलिकेचं बारकाईनं चित्रण केलं. तिचं तोंड मुख्य तोंडापासून थोडं वर, आतड्यात वेगळं उघडतं. ती सांतोरिनीची नलिका. आजच्या रिपोर्टमध्ये ही दोन्ही नावं भेटतात.

3. एका अवयवात दोन नलिका का?

कारण स्वादुपिंड जन्मतः एक दिसत असलं, तरी गर्भात ते दोन कोंबांपासून घडतं. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना आतड्याच्या मागच्या बाजूला एक मोठा कोंब फुटतो आणि पुढच्या बाजूला, पित्तनलिकेजवळ, एक छोटा. प्रत्येकाची नलिका स्वतंत्र आणि तोंडही स्वतंत्र. मग आतडं वळतं, छोटा कोंब फिरून मागे मोठ्या कोंबाला येऊन चिकटतो आणि सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास दोघांच्या नलिका जोडल्या जातात. मोठ्या कोंबातला रस छोट्याच्या रुंद तोंडातून बाहेर पडू लागतो. मोठ्याचं जुनं तोंड आक्रसतं किंवा बंद होतं. उरते ती सांतोरिनीची नलिका.

कोंब फुटणं, फिरणं, चिकटणं आणि जोडलं जाणं या चारांपैकी एक पायरी जरी वेगळी पडली, तरी नलिकांचा नकाशा बदलतो.

4. नकाशा कसा कसा बदलतो?

संगम न होणं : कोंब चिकटले, पण नलिका जोडल्या गेल्या नाहीत, तर त्याला पँक्रियास डिव्हिजम म्हणतात. दुधना पूर्णेला मिळालीच नाही आणि तिचं सगळं पाणी एका अरुंद नाल्यातून न्यावं लागलं, असं समजा. धड, शेपूट आणि डोक्याचा वरचा भाग यांचा सगळा रस सांतोरिनीच्या बारक्या तोंडातून जातो. बहुतेकांत ते तोंड पुरतं. काहींत पुरत नाही, रस तुंबतो आणि पुन्हा पुन्हा सूज येते.

आतड्याला वेढा पडणं : छोटा कोंब नीट फिरला नाही, तर स्वादुपिंडाची एक पट्टी आतड्याभोवती कड्यासारखी राहते. हे ॲन्युलर पँक्रियास. कडं आवळ असेल तर बाळाला जन्मल्यापासूनच उलट्या होतात आणि पोटाच्या साध्या एक्स-रेत हवेचे दोन मोठे फुगे दिसतात : एक जठराचा, एक अडलेल्या आतड्याचा. कडं सैल असेल तर माणूस पन्नाशी गाठतो आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ते सापडतं. शस्त्रक्रियेची वेळ आली तरी सर्जन हे कडं कापत नाहीत, कारण त्यातूनही नलिका जात असते. अडलेल्या जागेला वळसा घालून आतडं जोडतात.

संगम भलत्या ठिकाणी होणं : पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एरवी आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या कड्याच्या ताब्यात एकत्र येतात. कधी त्या भिंतीच्या बाहेर, अलीकडेच मिळतात आणि एकत्र वाहणारा भाग लांबतो. तो 15 मिलिमीटरहून लांब दिसला की डॉक्टर सावध होतात. इथे स्नायूंच्या कड्याचा ताबा संगमावर राहत नाही. स्वादुपिंडाच्या नलिकेत दाब जास्त असल्यानं पाचकरस पित्तनलिकेत उलटा चढतो. पित्तनलिका फुगते, तिचं अस्तर वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि पुढे पित्ताशयाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पित्तनलिकेचे असे फुगे मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतात आणि जपान, चीनसारख्या देशांत अधिक दिसतात.

वळण आणि फाटे : काहींत सांतोरिनीची नलिका सरळ न जाता खाली वळसा घेऊन मुख्य नलिकेच्या एका शाखेला मिळते. याला आन्सा पँक्रियाटिका म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ आहे आणि वारंवार येणाऱ्या सुजेशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. काहींत मुख्य नलिकाच डोक्यात गिरकी घेते. काहींत शेपटाशी ती दुभंगते.

5. कोणती तपासणी काय दाखवते?

इथे एक गोष्ट आधी पक्की करू. प्रत्येक तपासणी एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. सोनोग्राफी नॉर्मल येणं म्हणजे सोनोग्राफीला जे विचारता येतं, तेवढंच नॉर्मल आहे.

सोनोग्राफी : कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. पित्ताशयातले खडे शोधायला तिच्यासारखी स्वस्त आणि निर्धोक तपासणी नाही. पण ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत आणि स्वादुपिंड नेमकं जठर आणि मोठ्या आतड्यातल्या हवेच्या मागे दडलेलं असतं. म्हणून उपाशीपोटी बोलावतात, तरीही शेपूट अनेकदा दिसत नाही. नलिका फुगलेली असेल तर सोनोग्राफीत ती कळते, पण ती कुठून कुठे जाते हे सहसा कळत नाही.

सीटी स्कॅन : 1971 साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं. एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक पातळ काप जोडून चित्र तयार करतो. शिरेतून डाय दिल्यावर साधारण 40-45 सेकंदांनी स्वादुपिंड सर्वांत ठळक दिसतं, तो क्षण साधावा लागतो. कॅल्शियमचे खडे, गाठ, मृत झालेला भाग, आतड्याभोवतीचं कडं हे सगळं सीटीत चांगलं दिसतं. मर्यादा दोन : किरणोत्सर्ग आणि मूत्रपिंडांवर डायचा भार. म्हणूनच आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात.

एमआरसीपी : नलिकांचा नकाशा काढायला आज हीच पहिली पसंती. ही एमआरआयचीच एक पद्धत, 1991 साली पहिल्यांदा मांडलेली. इथे यंत्राची जुळणी अशी करतात, की साचलेला किंवा संथ द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि बाकी सगळं काळं पडतं. पित्त आणि पाचकरस हे द्रवच, त्यामुळे नलिका आपोआप उजळतात. डाय नको, एक्स-रे नको. अडचण एवढीच, की जठरातलं पाणीही तितकंच चमकतं. त्यावर काही केंद्रांत तपासणीआधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातला द्रव काळा पडतो आणि मागची नलिका मोकळी दिसते.

डिव्हिजम ओळखण्याची खूण याच चित्रात मिळते. मागच्या कोंबाची नलिका पित्तनलिकेच्या पुढून आडवी जाते आणि तिच्या वर, वेगळ्या तोंडानं आतड्यात उघडते. मात्र जाड कापांच्या एकत्रित चित्रात दोन वेगळ्या नलिका एकमेकींवर पडून जोडल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून रेडिओलॉजिस्ट पातळ काप एकेक करून पाहतात.

सिक्रेटिन देऊन एमआरसीपी : सिक्रेटिन हे जगात सापडलेलं पहिलं संप्रेरक. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1902 साली ते शोधलं. त्याचं इंजेक्शन दिलं की स्वादुपिंड भराभर रस सोडतं. थोड्या थोड्या वेळानं चित्रं घेत सुमारे दहा मिनिटं नलिका पाहतात. ती थोडी रुंदावून पूर्ववत झाली तर वाट मोकळी आहे, फुगलेलीच राहिली तर तोंडाशी अडथळा आहे. नुसत्या आकाराऐवजी प्रवाह दाखवणारी ही तपासणी आहे. हे औषध महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही.

दुर्बिणीतून सोनोग्राफी : तोंडावाटे जठरात आणि आतड्यात नेलेल्या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र बसवलेलं असतं. स्वादुपिंड आता काही मिलिमीटरांवर येतं आणि हवेचा अडसर उरत नाही. एमआरसीपीत न दिसणारे बारीक खडे आणि छोट्या गाठी इथे सापडतात.

ईआरसीपी : 1968 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या पद्धतीत दुर्बिणीतून नलिकेच्या तोंडात बारीक नळी घालून डाय सोडतात आणि एक्स-रे काढतात. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी आणि मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांची नावं अग्रक्रमानं येतात. एकेकाळी नलिकेचं निदान हिच्याशिवाय होत नसे. पण तपासणीमुळेच स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका आहे, ढोबळमानानं शंभरात तीन ते दहा जणांना. शिवाय डिव्हिजम असलेल्या माणसात मोठ्या तोंडातून डाय सोडला, तर फक्त पुढच्या कोंबाची आखूड नलिका भरते आणि गाठीमुळे नलिका मध्येच बंद झाली, असा भास होतो. म्हणून आता केवळ चित्रासाठी ईआरसीपी करत नाहीत. तोंड रुंद करणं, खडा काढणं, स्टेंट घालणं अशा उपचारांसाठीच ती राखून ठेवतात.

6. एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाला दोन वर्षांत तिसऱ्यांदा पोटाच्या वरच्या भागात कळ आली. कळ पाठीत जाते, उलट्या होतात. दारू नाही.

पहिला प्रश्न : ही स्वादुपिंडाची सूजच आहे का? तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तर हो : ठरावीक प्रकारचं दुखणं, रक्तात लायपेज किंवा अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचक घटक कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि चित्रात दिसणारी सूज. प्रयोगशाळेची मर्यादा 60 असेल तर तिप्पट म्हणजे 180. या तरुणाचं लायपेज 900 आहे. दुखणं आणि लायपेज, दोन जुळल्या. निदान झालं.

दुसरा प्रश्न : कशामुळे? जगभर सर्वांत मोठी कारणं दोन, पित्ताचे खडे आणि दारू. सोनोग्राफीत खडे नाहीत. रक्तातलं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड ठीक आहे. सीटीत गाठ नाही, कॅल्शियम साचलेलं नाही.

तिसरा प्रश्न : नलिकेत काही वेगळं आहे का? सूज ओसरेपर्यंत काही आठवडे थांबून एमआरसीपी केली, कारण सुजेच्या काळात आजूबाजूला साचलेला द्रव चित्र गढूळ करतो. आडवी जाणारी नलिका दिसली. म्हणजे डिव्हिजम. तिची धडातली रुंदी 5 मिलिमीटर, जिथे 2 अपेक्षित होती.

चौथा प्रश्न, आणि खरा कस इथेच लागतो : दुखण्याला हेच कारण आहे का? नलिका फुगलेली असल्यानं शक्यता वाढते. तरीही भारतात तरुण वयातल्या स्वादुपिंडाच्या आजारात स्पिंक-1 सारख्या जनुकांतले बदल बऱ्याच जणांत आढळतात, त्यामुळे जनुकीय चाचणीचा विचार होतो. मग दुर्बिणीतून सोनोग्राफी. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल, तरच ईआरसीपीनं छोटं तोंड रुंद करण्याची चर्चा. त्यानं सर्वांचा त्रास थांबतोच असं नाही, याबाबत तज्ज्ञांतही मतभेद आहेत.

7. वेगळी रचना म्हणजे आजार का?

थोडं गणित करू. डिव्हिजमचं प्रमाण वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत शंभरात एक ते दहा असं निघालं आहे. आपण हात राखून शंभरात दोन धरू. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19,59,046 होती. त्याचे दोन टक्के म्हणजे सुमारे 39,000. इतकी माणसं आठ तालुक्यांत शेती, नोकरी, व्यापार करत असतील आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होणार नाही.

म्हणून एकाच प्रकारच्या रिपोर्टचे तीन वेगळे अर्थ होतात. मुतखड्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये डिव्हिजम सापडलं, पोट कधी दुखलं नाही, नलिका बारीकच आहे : काही करायचं नाही. वारंवार सूज येते आणि नलिका फुगली आहे : पुढचा तपास आणि उपचार. भलत्या ठिकाणी झालेला संगम आणि पित्तनलिकेचा फुगा सापडला : दुखत नसलं तरी सर्जनला भेटायचं, कारण इथे धोका पुढच्या वर्षांचा आहे. फुगलेला भाग आणि पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला बहुधा मिळतो.

8. तपासणीला जाताना

बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचंही आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय साठ-एक किलोमीटरवर. मात्र नलिकेचे गुंतागुंतीचे उपचार मोठ्या केंद्रांत होतात आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बहुतेक रुग्ण नुसता छापील रिपोर्ट घेऊन जातात. रिपोर्ट हे एका डॉक्टरचं मत असतं. दुसऱ्या डॉक्टरला मूळ चित्रं लागतात. ती असलेली सीडी मागून घ्या आणि जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च वाचू शकतो.

एमआरआयआधी अंगात पेसमेकर, क्लिप किंवा कानातलं यंत्र असेल तर सांगा. सीटीआधी मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या आणि डायची जुनी ॲलर्जी सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कोणता उपचार योजनेत बसतो, हे आधी त्याला विचारा.

पोटाच्या वरच्या भागातली असह्य कळ पाठीत जात असेल, सोबत उलट्या, ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर घरी थांबू नका आणि काविळीसाठी गावठी औषधात दिवस घालवू नका. आणि रिपोर्टमध्ये नलिकेबद्दल अनोळखी शब्द दिसला, तर डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा : "माझं दुखणं यामुळेच आहे का?" आणि "यातून पुढे काही धोका आहे का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तो शब्द तुमच्या फाइलमध्ये नोंद म्हणून राहू द्या. त्यावर उपचार लागत नाही.